आमेनच्या आधी

रिबकाबाईंची प्रार्थना झाल्याशिवाय बोर्डिंगच्या फाटकाबाहेर मांजरसुद्धा पडत नाही, असं मुली म्हणायच्या. त्यात अतिशयोक्ती फक्त मांजरापुरती होती. बाकी कुणाची सुटका नव्हती. सुट्टीला गावी निघालेली मुलगी असो, माहेरी चाललेली स्वयंपाकीण असो, नाहीतर कुणाला भेटायला आलेला कुणाचा मामा असो, बाई फाटकात आडव्या उभ्या राहायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या, जाणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. आपण पिशव्या हातात धरून ताटकळायचं. पिशव्या खाली ठेवल्या तर आपल्याला निवांत वेळ आहे असा त्यांचा समज होतो, हे एकदोनदा अनुभवानं कळलं की माणूस पिशव्या खाली ठेवत नसे.

मी त्या मिशनच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. ही साठच्या दशकातली गोष्ट. माहेर चांद्याचं, नागपुरात एकट्या मुलीला खोली कोण देणार, म्हणून शाळेनं बोर्डिंगच्या आवारातच माझी सोय केली होती. रिबकाबाई बोर्डिंगच्या मेट्रन. ठेंगण्या, अंगानं रुंद, पांढरं सुती पातळ आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या आल्याची वर्दी आधी किल्ल्या द्यायच्या आणि मग मिरचीचा वास. मूळच्या भिवापूरकडच्या, त्यामुळे मिरचीच्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. दरवर्षी गावाहून पोतं यायचं आणि मागच्या अंगणात त्या स्वतः तिखट कुटायच्या. त्या दिवशी सगळं बोर्डिंग शिंकत असायचं. कुणी नाकाला रुमाल लावला तर म्हणायच्या, "शिंका वं, शिंका. शिंक आली म्हणजे मिरची खरी."

नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. याहून जास्त कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याही सांगत नसत.

मला त्या 'मास्तरीणबाई' म्हणायच्या. वयानं मी त्यांच्या लेकीसारखी होते, म्हणून हाक आदराची आणि बोलणं अरेतुरेचं, असा सगळा कारभार होता. पहिल्याच महिन्यात मी कामठीच्या मावशीकडे जायला निघाले. कामठी म्हणजे काही विलायत नव्हे. फाटकाशी बाईंनी अडवलं. प्रार्थनेची सुरुवात नेहमी पुस्तकातल्या मराठीत व्हायची, "हे आमच्या स्वर्गीय बापा, तू दयाळू व मंदक्रोध आहेस," आणि दोनचार वाक्यांत ती घसरत भिवापूरला पोचायची.

"ही मास्तरीणबाई कामठीले जाऊन राहिली, बापा. ड्रायव्हरले राती नीट झोप लागली असू दे. घरून निघताना त्याचं बायकोसंगं भांडण झालं नसू दे. रस्त्यात म्हशी बसून राहतेत, त्यायले तू उठव. चाकात हवा राहू दे. हिच्या मावशीनं हिले लग्नाचं विचारू विचारू हैराण नोको करू दे. प्रभू, हिच्यासोबत जा."

मी स्वभावानं चिडकी, आणि घड्याळाच्या बाबतीत तर फारच. मी म्हटलं, "बाई, देव सर्वज्ञ आहे ना तुमचा? मग म्हशींचं वेगळं कशाला सांगावं लागतं?"

"त्याले समजते ना," बाई पदर सारखा करत म्हणाल्या. "पण एवढी दुनिया पाहा लागते त्याले. आपण तपशील देल्ला का मंग गफलत होत नाही."

देवाला तपशील द्यावा लागतो, हे त्यांचं ठाम मत होतं. बोर्डिंगच्या किराण्याबद्दल वाण्यावर जेवढा विश्वास टाकायचा तेवढाच त्यांनी देवावर टाकला होता. माल चांगला देईल, पण आपण समोर उभं राहून सांगितलं पाहिजे. मी तेव्हा यावर खूप हसत असे. गंमत अशी की मावशीनं त्या दिवशी लग्नाचा विषय काढला नाही, आणि परत आल्यावर बाईंनी तेवढं बरोबर विचारून घेतलं.

बोर्डिंगमध्ये ख्रिस्ती मुली होत्या तशा हिंदू शेतकऱ्यांच्याही होत्या. बाईंच्या हाताला तो फरक कळत नसे. सगळ्यांत जास्त हात जिच्या डोक्यावर पडायचा, आणि पाठीतही, ती विमल. पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यातली. असेल दहाएक वर्षांची. त्या मुलीला जन्मतःच घाई होती. वरण ताटात पडायच्या आत तोंडात, म्हणून जीभ कायम भाजलेली. एक वेणी घातलेली आणि दुसरी तशीच सुटी टाकून वर्गात हजर. नकाशा काढायला दिला की पेंच नदी उगमापासून निघायच्या आधीच हिची संगमाला पोचलेली असायची. "अवं, जराक दम खाय," बाई ओरडायच्या, "तुझ्या मागं का वाघ लागला आहे?" आणि ओरडता ओरडता तिची दुसरी वेणी घालून द्यायच्या. बाईंचा जीव त्या मुलीत अडकला होता, हे आम्हाला सगळ्यांना दिसायचं. त्यांना स्वतःला दिसत होतं की नाही, सांगता येत नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तीन मुली गावी निघाल्या. फ्लोरा मोठी, मॅट्रिकला असलेली, तिच्याबरोबर कुसुम आणि विमल. तिघींची गावं एकाच रस्त्यावर. दुपारची एसटी पकडायची होती. शाळेचा शिपाई महादेव त्यांना स्टँडवर सोडायला तयार होऊन उभा होता. आभाळ भरलेलं होतं, पण नागपुरात तेव्हा पाऊस नव्हता. मी माझ्या खोलीच्या पायरीवर बसून वह्या तपासत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

बाईंनी तिघींना फाटकाशी उभं केलं. फ्लोराच्या डोक्यावर एक हात, विमलच्या डोक्यावर दुसरा, कुसुम मध्ये. प्रार्थना सुरू झाली. ड्रायव्हर झाला, कंडक्टर झाला, चाकं झाली. घरी पोळ्याला बैल सजवतील, त्यांचं शिंग कुणाला लागू नये, तेही झालं. विमल या पायावरून त्या पायावर नाचत होती. आणि बाई नदीनाल्यांपर्यंत पोचतात न पोचतात तोच तिनं खणखणीत आवाजात म्हटलं, "आमेन!"

कुसुम फिसकन हसली. फ्लोरानंही ओठ दाबले. मीदेखील वहीमागं तोंड लपवलं, कारण जे माझ्या मनात रोज यायचं ते त्या पोरीनं बोलून दाखवलं होतं.

बाईंनी डोळे उघडले. त्या चिडलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या होत्या, पण तेव्हा त्या दुखावल्या होत्या. "देवासंगं मस्करी?" त्या म्हणाल्या. "तो का तुझा वर्गमित्र आहे? प्रार्थना अर्धी तोडून घराबाहेर पडशील? नाही. मी तुले अशी जाऊ देणार नाही." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा दोन्ही हात ठेवले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "हे आमच्या स्वर्गीय बापा, तू दयाळू व मंदक्रोध आहेस..."

या वेळी कुणी हसलं नाही. प्रार्थना पूर्ण झाली. नदीनाले झाले. "प्रभू, ह्या लेकरांसोबत जा." सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं, विमलनं जरा हळूच, आणि मुली पळत सुटल्या. विमलची एक वेणी सुटीच होती.

महादेव संध्याकाळी परत आला. म्हणाला, "पयली बस आमच्या डोळ्यासमोरून गेली बाई. हात केला, पण थांबली नाही. मंग दुसरीत बसवून देल्लं. जागा भी खिडकीजवळची भेटली पोट्ट्यायले." बाईंनी हात जोडले आणि "प्रभूची स्तुती असो" म्हटलं. जेवणाच्या आधीच्या प्रार्थनेत त्यांनी खिडकीजवळच्या जागेबद्दलही देवाचे आभार मानले. ते आभार मला अजून ऐकू येतात.

वर डोंगरात दुपारपासून पाऊस कोसळत होता. पारशिवनीच्या पुढे नाल्यावर पूल नव्हता, नुसता रपटा होता, पाणी चढलं की त्याच्यावरूनच वाहायचं. दुपारची बस कोरड्या रपट्यावरून सुखरूप गेली. संध्याकाळची, मुलींची बस ड्रायव्हरनं पाण्यात घातली आणि ती बाहेर निघाली नाही.

पोळ्याच्या सकाळी बातमी आली. फ्लोरा आणि कुसुम त्याच दिवशी सापडल्या. विमलचा शोध दुसऱ्या दिवशीही चालू होता. दुसऱ्या दिवशी म्हणजे मारबतीच्या दिवशी. नागपूरचे लोक त्या दिवशी मारबतीचा मोठा पुतळा मिरवतात आणि रोगराई, संकटं, सगळी पीडा घेऊन जा म्हणून तिला ओरडून सांगतात. ती मिरवणूक आमच्या रस्त्यानं जात नसे, पण आवाज यायचा. हजारो लोक एका आवाजात संकटाला शहराबाहेर हाकलत होते आणि रिबकाबाई फाटकाच्या गजाला धरून शोधाला गेलेल्या महादेवची वाट पाहत उभ्या होत्या. तो परत आला आणि त्यानं नुसती मान हलवली. विमल सापडली नाही. पुढेही कधी सापडली नाही.

त्यानंतर मी रिबकाबाईंना पुष्कळ वर्षं पाहिलं, पण त्यांना रडताना पाहिलं नाही. चर्चमध्ये शोकसभा झाली तेव्हा मी मुलींना घेऊन गेले होते. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, आवाज गोड. ते म्हणाले, "प्रभूच्या प्रेमाचं कोडं आपल्याला उलगडत नाही. त्यानं आपल्या बागेसाठी तीन कळ्या खुडून नेल्या." बाया डोळे पुसू लागल्या. रिबकाबाई माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. समोर बघतच पुटपुटल्या, "कळ्या खुडाले पूर कायले लागते वं? हातानं नाही येत काय त्याले?"

पण त्यांना खरा घाव बसला तो पुढच्या एका रविवारी. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, साक्ष देण्याची रीत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. रेल्वेत नोकरीला असलेले एक साधेसुधे गृहस्थ उठले. त्यांचा धाकटा भाऊ त्या दिवशी दुपारच्या बसनं गेला होता. गहिवरून त्यांनी सांगितलं की प्रभूनंच त्याला आधीच्या बसमध्ये बसवलं, प्रभूचं प्रेम किती थोर. सगळी मंडळी आमेन म्हणाली. रिबकाबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते.

उपासना सुटल्यावर त्या थेट त्या गृहस्थांकडे गेल्या. मला वाटलं, आता काहीतरी तोडून बोलणार. त्यांनी फक्त विचारलं, "भाऊसाहेब, तुमचा भाऊ निघाला तवा घरी कोणी प्रार्थना केली होती?"

"नाही बाई," ते बिचारे ओशाळून म्हणाले. "तो घाईत होता. चहा भी अर्धा टाकून पळाला."

बाईंनी मान डोलावली. "हो. घाई पाह्यजे," एवढंच म्हणाल्या.

महिन्याभरानं विमलचे वडील तिची पेटी न्यायला आले. हाडाचे शेतकरी, उन्हानं रापलेले, हातात टोपी. खुर्ची दिली तरी पेटीजवळ जमिनीवरच बसले. पेटी उघडून आतला फ्रॉक, पाटी, एक फुटकी फणी पाहिली आणि पुन्हा तशीच ठेवली. मग म्हणाले, "बाई, आमाले तुमच्या धर्मातलं काही समजत नाही. पण पोट्टी सांगे का तुम्ही डोक्यावर हात ठेवून देवाले सांगता. त्या दिवशी सांगतलं होतं ना?"

"सांगतलं."

"पुरं?"

मी दारात उभी होते. बाई खोटं बोलू शकल्या असत्या, निदान अर्धं खरं तरी. पण त्या म्हणाल्या, "पुरं सांगतलं, भाऊ. दोन डाव सांगतलं. तिनं मधातच आमेन म्हटलं म्हणून मी रागावली अन् पयल्यापासून म्हटलं. त्याच्यानं उशीर झाला. पयली बस हुकली ते माझ्यानं."

त्यांनी हातातल्या टोपीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मला वाटलं आता आकाश कोसळणार. ते म्हणाले, "तिले घाईच राहे बाई. मायच्या पोटातूनही महिनाभर आधी आली होती." आणि मग हात जोडून म्हणाले, "एक डाव आणखीन म्हणा. आता ते पोट्टी कुठं आहे आमाले माहीत नाही. जिथं असन तिथं तुमचा देव असू द्या सोबत."

बाईंनी पदर डोक्यावर घेतला. डोळे मिटले. उजवा हात सवयीनं पुढे झाला, आणि त्या हाताखाली डोकं नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मग त्यांनी तो हात खाली आणला आणि पेटीची कडी लावून दिली.

तेव्हापासून रिबकाबाईंनी प्रार्थना करायचं सोडलं. सोडलं म्हणजे साफ सोडलं. संध्याकाळची मुलींची प्रार्थना मोठ्या मुलींपैकी कुणीतरी म्हणायची, बाई मागं उभ्या राहायच्या. चर्चमध्ये नेमानं जायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या, आणि आमेनच्या वेळी गप्प. फाटकाशी आता उलटाच प्रकार सुरू झाला. मुलगी निघाली की बाई तिला ढकलतच बाहेर काढायच्या. "निघ, निघ. बोलत नोको बसू. पाणी बसमध्ये पी." स्वतः स्टँडवर जायच्या आणि तासभर आधीच मुलीला नेऊन बसवायच्या. आभाळ जरा काळं दिसलं की जाणंच रद्द. पेपरात कुठल्या रपट्यावर पाणी आल्याची बातमी असली की तेवढी मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. रात्री फाटकाची कडी वाजली, वाऱ्यानं का असेना, की त्यांच्या किल्ल्यांचा आवाज अंगणातून फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. कुणासाठी जातात हे कुणी विचारत नसे. मलाही धीर झाला नाही.

मंडळीत कुजबुज सुरू झाली. जी प्रार्थना करत नाही ती मिशनच्या बोर्डिंगची मेट्रन कशी राहील, असा प्रश्न कमिटीत निघाला. नोकरी गेली असती तर बाईंना दुसरं घर नव्हतं. चर्चचे म्हातारे पाद्री, पाळकसाहेब, त्यांच्याकडे आले. स्वयंपाकघरातच बसले, पिठलं-भाकरी जेवले आणि मग म्हणाले, "रिबका, देवावर रागावलीस का?"

"रागावली नाही, साहेब. बोलणं बंद आहे."

"किती दिवस?"

"माहीत नाही. पण त्याच्या लेकरायचं खाणंपिणं मी चुकवलं काय? तिखटमीठ कमी पडू देल्लं काय?"

पाळकसाहेबांनी कमिटीत जाऊन सांगितलं म्हणे, की नवराबायकोचं बोलणं बंद असलं तरी बाई भाकरी वाढतेच, त्याला घर मोडलं म्हणत नाहीत. विषय तिथंच संपला. ज्या धर्मात असा म्हातारा पाळक निपजतो त्या धर्माबद्दल मला त्या दिवशी आदर वाटला.

माझ्याशी त्या एकदाच यावर बोलल्या. नवं पोतं आलं होतं आणि आम्ही दोघी अंगणात मिरच्यांचे देठ मोडत बसलो होतो. शहाणपणा करायची मला खोडच. मी म्हटलं, "बाई, पाऊस डोंगरात पडला, पाणी उताराला आलं. त्यात देवाचाही हात नाही आणि तुमचाही नाही. मी मुलींना हेच शिकवते."

"तुझं बरं आहे मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "तुले कोणाले जाब नाही विचारा लागत. मले तं रोज त्याच्याच घरात राहा लागते." मग मिरच्यांशी बोलल्यासारख्या पुढे बोलू लागल्या. "मी काय म्हटलं होतं? 'प्रभू, ह्यायच्यासोबत जा.' मंग तो गेला असन. शब्दाचा पक्का आहे तो, गेलाच असन. बसमध्ये बसला असन. पाण्यात भी उतरला असन. विमलचा हात भी धरला असन त्यानं. पण मी त्याले हात धरून बुडासाठी पाठवलं होतं काय?"

मी पुढच्या मिरचीचा देठ मोडला.

"लोक म्हणतेत का त्याचं प्रेम आहे. असन. मी नाही कुठं म्हणते? मी भी केलंच ना त्या पोट्टीवर प्रेम? बाकीच्या मास्तरणी फाटकाशी नुसत्या टाटा करून सोडतेत. मी प्रेमानं धरून ठेवलं." त्यांनी हातातली मिरची मोडली. "एखाद्या वेळेस वाटते, त्याचं भी माझ्यासारखंच होत असन. करतो प्रेमानंच. अन् मंग पाहत बसतो."

मी आयुष्यात पुढे बरीच प्रवचनं ऐकली, आमच्यातली आणि त्यांच्यातली. संकटात देव कुठे असतो, यावर विद्वान माणसं तासतास बोललेली ऐकली. अंगणात बसून देवाची कीव करणारी बाई मला पुन्हा कुठे भेटली नाही. त्या वेळी मात्र मी घाबरले होते. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं आहे असं दोघींनीही मानून घेतलं.

पुढे माझं लग्न झालं आणि मी पुण्याला गेले. नागपूरला येणं माहेरपणासारखं क्वचित झालं. ऐंशीनंतर केव्हातरी, पावसाळ्याच्या अखेरीस, एका लग्नासाठी आले होते तेव्हा माझ्या मुलीला, रेवतीला, घेऊन रिबकाबाईंना शोधत गेले. त्या कधीच्या निवृत्त झाल्या होत्या. चर्चच्या आवारात मागच्या बाजूला मंडळीनं त्यांना एक खोली दिली होती. रुंद अंग आता वाळलं होतं. कमरेला किल्ल्या नव्हत्या, पण मिरचीचा वास होता.

"मास्तरीणबाई!" त्यांनी आवाजावरून ओळखलं. डोळ्यांना कमी दिसत होतं. रेवतीला जवळ घेऊन तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, वेण्या चाचपून पाहिल्या. दोन्ही घातलेल्या होत्या. चहा झाला, चिवडा झाला, इतका तिखट की रेवतीच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. बाई मनापासून हसल्या. विमलचं नाव निघालं नाही. ती मात्र त्या खोलीत सारखी वावरत होती असं मला वाटत राहिलं.

संध्याकाळची गाडी होती. बाहेर सायकलरिक्षा थांबवून ठेवली होती. आम्ही उठलो तशा बाईही उठल्या आणि नेहमीचं सुरू झालं, "निघा, निघा. उशीर नोको करू."

रेवती पुण्यात सिस्टरांच्या शाळेत जायची. भिंतीवरच्या क्रूसाकडे बघून तिनं विचारलं, "आजी, तुम्ही प्रार्थना नाही म्हणत? आमच्या सिस्टर म्हणतात, प्रवासाला निघताना म्हणायची असते."

तिला मी काही सांगितलेलं नव्हतं, लहान मुलीला काय सांगणार? मी तिचा दंड धरून बाहेर ओढणार, तोच बाईंनी विचारलं, "गाडीले टाइम आहे काय?"

"आहे बाई. पण राहू दे."

"नक्की आहे?"

"पुष्कळ आहे."

"रिक्षावाला उभा आहे ना?"

"उभा आहे."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला. हात चाचपडत पुढे आला आणि रेवतीच्या डोक्यावर टेकला. "हे आमच्या स्वर्गीय बापा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. आवाज गंजलेल्या कडीसारखा येत होता. "तू दयाळू व... मंदक्रोध आहेस. हे लेकरू पुण्याले जाऊन राहिलं. इंजनवाल्याले झोप झाली असू दे. रुळावर काही नसू दे. रस्त्यात पूल आहेत, बापा. भल्ले पूल आहेत. एकेक पूल तू..."

रेवती या पायावरून त्या पायावर झाली. तिच्या शाळेत सकाळची प्रार्थना आमेनला संपायची आणि मग मुली वर्गात पळायच्या. आमेन म्हणजे आता सुटलो, एवढंच तिला ठाऊक. बाई पुलापाशी अडखळल्या, गप्प झाल्या, तिला वाटलं संपलं.

"आमेन!" ती म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल, नाहीतर त्या खाली कोसळतील, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

"आमेन," रिबकाबाई म्हणाल्या. "आमेन, माय. झालं. जा. पळ."

रेवती पळाली. मी वाकून बाईंच्या पायांना हात लावला, आणि त्यांनी मला अडवलं नाही, फक्त म्हणाल्या, "तू भी पळ. काहून थांबली?"

रिक्षा निघाली. रेवती माझ्याकडे बघत होती. "आई, मी मध्येच म्हटलं का गं? आजी रागावल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "वेळेवर म्हटलंस."

वळणाशी मी मागं वळून पाहिलं. बाई दारातच उभ्या होत्या. पदर खाली घसरला होता, चेहरा रस्त्याकडे होता, आणि एका लहान मुलीच्या डोक्याएवढ्या उंचीवर धरलेला त्यांचा हात अजून खाली आलेला नव्हता.